किती पाहिजे होते, किती आले

लाखनीला हायवेच्या कडेला, ट्रकवाले टायरची हवा तपासायला थांबतात तिथे, एक चहाची टपरी आहे. आमच्या वर्कशॉपमधले माझे वरिष्ठ, म्हणजे सर, दिवसातून दोनदा तिथे जायचे. टपरीवाला नवीन आला तेव्हाची गोष्ट. सर बाकावर बसले, मी शेजारी. त्याने विचारलं, "देऊ का साहेब?"

सर म्हणाले, "काय, किती आणि कोणाले?"

"चाय, साहेब."

"एक आलं. दोन राहिले."

टपरीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईने म्हटलं, "दोन चहा द्या दादा. एक सरांना, एक मला." सरांनी मान हलवली. "आता पूर्ण झालं," असं म्हणून ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघत बसले. टपरीवाल्याला वाटलं साहेब थट्टा करतात. सर थट्टा करत नव्हते. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं, तेवढ्या काळात ते थट्टा करताना मला दिसले नाहीत.

दुसऱ्याचं अर्धवट वाक्य ते कधीच पूर्ण करायचे नाहीत. आपण सगळे करतो. समोरचा अडखळला की आपण पटकन एक शब्द पुढे सरकवतो आणि तोही "हो, तेच" म्हणून मोकळा होतो. सर थांबून राहायचे. समोरचा गप्प झाला तर तेही गप्प. वर्कशॉपच्या फिटरना याचा भारी जाच व्हायचा. "सर, ते नीट चालून नाही राहिलं," असं कोणी म्हणालं की सर बोट वर करायचे. "'ते' म्हणजे कोण? 'नीट' म्हणजे कसं? दोन कमी आहेत."

वय पन्नाशीच्या पुढे, अंग किडकिडीत, आणि मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशात दोन पेन आणि एक पेन्सिल. सगळ्यांना 'तुम्ही'. वर्कशॉपच्या दारात झोपणाऱ्या कुत्र्यालाही ते "बाजूले व्हा" म्हणायचे. गाव बपेरा, पार मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, त्यामुळे वैतागले की हिंदीत शिरायचे. आमचे मालक त्यांच्याबद्दल म्हणायचे, "येडा आहे, पण पेटी चालते ते त्याच्याचमुळं."

पेटी म्हणजे आमच्या वर्कशॉपचा माल. शेतातला पंप घरून मोबाइलवर मेसेज पाठवून चालू-बंद करता येतो, त्यासाठी पंपाजवळ भिंतीवर लावायची लोखंडी पेटी. तिच्या पोटात एक छोटा संगणक आणि त्यात एक जुनी स्क्रिप्टिंगची भाषा. त्या भाषेचा सगळा कारभार एका ओळीत. आधी कमांडचं नाव, मग जागा सोडून तिला जे जे लागतं ते. त्या लागणाऱ्या गोष्टींना आर्ग्युमेंट म्हणतात. हा शब्द मालकांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं पेटी शेतकऱ्याशी वाद घालते, आणि तसं त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगूनही टाकलं.

मी कोंढ्याची. भंडाऱ्याला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि लाखनीला खोली करून या नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी मी एक कमांड लिहिली आणि एक आर्ग्युमेंट द्यायला विसरले. स्क्रीनवर लाल अक्षरांत ओळ उमटली. मी ती झटकन पुसली.

मागून आवाज आला, "पुसलं काहून?"

"चुकलं होतं, सर."

"ते मलेही दिसलं. वाचलं का?"

"नाही."

"मग परत चुका."

मी परत चुकले. त्यांनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. भाषा सांगत होती की आर्ग्युमेंटची संख्या चुकली आहे, लिहायला हवं होतं ते असं. सर म्हणाले, "ते तुम्हाले रागावून नाही राहिली. तिले काय पाह्यजे ते सांगून राहिली. घरी तरी कोणी इतकं नीट सांगते का?"

भाषेच्या स्वतःच्या कमांड असं बोलतात. पण आपण जी नवी कमांड तिच्यात घालतो, तिला बोलतं करायचं काम आपलं असतं. आलेल्या गोष्टी आधी मोजायच्या. कमी असल्या किंवा जास्त असल्या तर काम न करता तसं कळवायचं. चार ओळींचं काम आहे. या धंद्यातले बरेच लोक ते विसरतात, आणि ज्यांना आठवतं ते "एवढं कोण चुकतं" म्हणून टाळतात. सर त्याला 'मोजणी' म्हणायचे, आणि मोजणी नसलेली कमांड त्यांच्या टेबलावरून पुढे जात नसे.

कळवायचं कसं, याचीही त्यांची पद्धत ठरलेली. "त्यानं जेवढं बरोबर म्हटलं तेवढं आधी त्याले परत म्हणून दाखवा. मग राहिलेलं सांगा. नाहीतर त्याले वाटते आपलं सगळंच चुकलं, अन् तो सगळंच बदलून टाकते." ही युक्ती त्या भाषेतच आहे. किती शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे, हे तिथे आकड्याने सांगता येतं. सरांनी ती भाषेतून उचलली की भाषेनेच त्यांना उचललं, मला ठाऊक नाही.

एका फिटरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. सरांनी ती वाचली आणि सरळ फिटरला फोन लावला. "मुलगी समजली, नवरदेव समजला, गाव समजलं, तारीख समजली. वेळ नाही." पाहिलं तर खरंच पत्रिकेत वेळ छापायची राहून गेली होती. अर्ध्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. फिटर रडकुंडीला आला. सरांनी उरलेल्या पत्रिका वर्कशॉपमध्ये मागवून घेतल्या आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत एकेका पत्रिकेवर पेन्सिलीने, सुबक अक्षरात, लग्नाची वेळ लिहीत बसले. चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. चूक दाखवून पेन्सिल काढणारा मी हा एकच पाहिला.

या माणसाशी मी खोटं बोलले.

लाखनीपासून आत एका गावाला मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला मोठा तलाव आहे. त्याच्या पाण्यावर धान पिकतो. तिथल्या पाणीवापर संस्थेने कालव्याच्या तीन गेटवर मोटरी बसवल्या आणि त्या चालवायला आमच्याकडून पेटी घेतली. मेसेज पाठवायचा देवरामभाऊंनी. देवरामभाऊ गावचे पाटकरी, म्हणजे कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारे. पूर्वी ते सायकलवर गेटोगेट फिरून चाक फिरवायचे. आता जावयाचा जुना टच फोन त्यांच्या हाती आला होता.

दसऱ्यानंतर तिकडे मोठी अडचणीची वेळ असते. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, वाळायला पसरलेला असतो आणि उशिराच्या भारी धानाला अजून शेवटचं पाणी हवं असतं. शेजारशेजारच्या बांध्या, एकीला पाणी पाहिजे आणि दुसरीला थेंबही नको. म्हणून संस्थेने मागणी केली की ठरावीक तास पाणी सोडून गेट आपोआप बंद व्हावं. त्यासाठी 'सोड' नावाची नवी कमांड लागणार होती. सोड, मग गेटचा नंबर, मग तास.

नेमकी त्याच आठवड्यात सरांची आई घरात पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. सर बपेऱ्याला गेले. कमांड मी लिहिली. मालक दर तासाला येऊन विचारत होते, झालं का. चाचणीत गेट उघडलं, तास संपले, गेट बंद झालं. मी खूश झाले. मोजणी संध्याकाळी लिहू म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. मालक शेजारीच उभे होते.

"सोडची मोजणी लिहिली?"

"हो, सर."

दुपारपर्यंत लिहून टाकू, असं माझ्या मनात होतं. अर्ध्या तासात व्हॅन पेटी घेऊन गेली. सरांनी फाइल उघडून पाहिली नाही. मी हो म्हटलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

पुढे झालं ते असं. देवरामभाऊंनी पहिल्या गेटला चौदा तास पाणी सोडलं, ते बरोबर सुटलं आणि बरोबर बंद झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दुसऱ्या गेटमधून चार तास सोडायचं होतं. 'सोड २' एवढं लिहून झालं आणि अंगठा पाठवायच्या बटणावर पडला. आता पेटी काही विचारेल म्हणून ते फोनकडे बघत राहिले. पेटी काही बोलली नाही. गेट मात्र उघडलं. त्यांना वाटलं, दोन नंबरला नेहमी चारच तास सोडतात, ते तिच्या ध्यानात घालून दिलं असेल. पेटीच्या ध्यानात आदल्या दिवशीचे चौदा तास होते. तासांचा आकडा जिथे साठतो ती जागा काम झाल्यावर पुसायला मी विसरले होते. तास आले नाहीत म्हणून तिने जुना आकडा उचलला.

सकाळी फोन आला तसे आम्ही मालकांच्या व्हॅनमधून गेलो. दुसऱ्या गेटखाली, ज्या भारी धानाला पाणी सोडलं होतं त्याला लागूनच, सुगंधाबाईंची शेती; जास्तीच्या दहा तासांचं पाणी तिच्यात शिरलं होतं. एकट्या विधवा बाई, हलका धान, आदल्याच दिवशी कापून पसरलेला. कापलेल्या धानाचे कडपे पोटरीभर पाण्यात तरंगत होते. सुगंधाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या होत्या, हातात विळा तसाच.

"आले का पेटीवाले?" त्या म्हणाल्या. "मी पानी मांगलं होतं का बाप्पा? मी त कापून मोकळी झाली होती."

मालक काहीतरी बोलायला लागले. सरांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरले. बाह्यांची बटणं तशीच लावलेली. एक कडपा दोन्ही हातांत उचलून त्यांनी धुऱ्यावर आणून ठेवला, पाणी निथळू दिलं, आणि परत आत गेले. देवरामभाऊ उजाडल्यापासून तेच करत होते. कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. मीही उतरले. मग शेजारपाजारचे आठ-दहा जण आले. दुपारपर्यंत सगळा धान धुऱ्यावर आला. पण भिजलेला धान भिजलेलाच. पुढच्या चार दिवसांत त्यातल्या अर्ध्याला तरी कोंब फुटले.

वर्कशॉपला परतल्यावर सरांनी फाइल उघडली. मी माझ्या टेबलावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. कमांड छोटी होती, वाचायला मिनिट लागलं नसेल. ते बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी ते पान छापून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"उद्या गावात सभा आहे. तुम्ही याल?"

"येईन, सर."

आणखी काही नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मी रडले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

सभेला जाताना मालकांनी व्हॅनमध्ये बजावलं, "आपण काहीच बोलायचं नाही. मेसेज त्याचा आहे, त्यानं आकडा नाही टाकला. त्यांचं ते पाहून घेतील."

सर म्हणाले, "तुम्ही नका बोलू."

सभा समाजमंदिरात होती. संस्थेच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, डोक्यावर पदर आणि आवाज खणखणीत. सचिवाने देवरामभाऊंचा फोन सगळ्यांच्या हातून फिरवला. "पाहा, 'सोड दोन' लिवलं. तास कुठी आहेत? ज्याले तीन शब्द लिवता येत नाई, त्याच्या हाती तलाव देल्ला आपन. देवरामले कमी करा, दुसरा माणूस पाहा."

देवरामभाऊ दाराजवळ उकिडवे बसले होते. तीस वर्षं तेच पाणी सोडत होते. ते एवढंच म्हणाले, "चुकी झाली. मी का म्हनतो नाई झाली?"

सर उभे राहिले. मालकांनी त्यांचा शर्ट खाली ओढला. सरांनी तो हळूच सोडवून घेतला.

"कमांडले तीन पाह्यजे होते, दोन आले," ते म्हणाले. "बोट कोणाचंही घसरते. मेरा भी फिसलता है. दोनच आले तर आमच्या पेटीनं गेट उघडायलेच नाही पाह्यजे होतं. 'दोन नंबर समजला, तास सांगा,' असं उलट विचारायले पाह्यजे होतं. तिनं विचारलं नाही, मनानं भरून घेतलं. देवरामभाऊंनं अर्धं सांगतलं, हे खरं आहे. पण उरलेलं अर्धं त्यायनं नाही सांगतलं, आमच्या पेटीनं सांगतलं. चूक तिथं आहे. पेटी इथं याच्या आधी ते तपासायचं काम माझं होतं. मी ते नाही केलं."

समाजमंदिरात चुळबुळ झाली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पन ते लिवली कोनं?"

सर बोलले नाहीत.

त्यांनी घडी केलेला कागद हातात धरला होता आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते. "मी" असंही म्हणाले नाहीत, माझ्याकडेही बघितलं नाही. लोकांना वाटलं मास्तर गडबडला. सचिव हसला. देवरामभाऊंनी मान वर करून सरांकडे पाहिलं. आणि मला कळलं की हा माणूस असाच उभा राहणार, संध्याकाळ झाली तरी.

मी उभी राहिले. "मी लिहिली," मी म्हटलं. "सरांनी मला विचारलं होतं, मोजणी लिहिली का. मी हो म्हटलं. लिहिली नव्हती. मी खोटं बोलले."

सुगंधाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल चिखलात उतरली ते तूच ना?"

"हो."

"मंग आता ते पेटी नीट कर. उतरून का होते?"

देवरामभाऊंना कमी केलं नाही. मालकांनी सुगंधाबाईंना भिजला तेवढा धान भरून द्यायचं कबूल केलं, आणि पेटी दुरुस्त होईपर्यंत गेट हातानेच फिरवायचं ठरलं. परतताना व्हॅनमध्ये मालक मला म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "सोमवारी ह्या येतील. काम ह्यांचं आहे, दुसरं कोण करन?"

"मालक मी आहे का तुम्ही?"

"तुम्ही. म्हणूनच तुम्हाले सांगून राहिलो."

सोमवारी मी गेले. माझ्या टेबलावर एक यादी होती, सरांच्या अक्षरात. आमच्या पेटीत एकूण एकतीस कमांड. प्रत्येकीपुढे तीन चौकोन: कमी, बरोबर, जास्त. प्रत्येक कमांडला आधी एक आर्ग्युमेंट कमी द्यायचं, मग बरोबर संख्या, मग एक जास्त, आणि ती काय म्हणते ते लिहायचं. हे काम तीन-चार महिने चाललं. मी लिहिलेली ओळन् ओळ त्या काळात सरांनी तपासली. मी काही विचारलं नाही, त्यांनीही कारण सांगितलं नाही. ते तपासणं मला रोज टोचायचं आणि मी रोज वेळेवर जायची.

खरी लढाई मजकुराची होती. मालकांना वाटे, 'एरर चार' असं पाठवलं की झालं, सोबत छापील पत्रक देऊ. सर म्हणाले, "बांधीत उभा राहून पत्रक कोण पाहीन?" मराठी मेसेजला सत्तर अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. सर पेन्सिलीने एकेका अक्षरावर टिंब देत मोजायचे. तयार झालेले मजकूर घेऊन आम्ही दर शनिवारी त्या गावाला जायचो आणि देवरामभाऊ आणि सुगंधाबाईंना समोर बसवून फोनवर पाठवून बघायचो. सुगंधाबाईंना बोलावण्याचा हट्ट सरांचाच. "ज्यांच्या शेतात पाणी जाते त्यायले समजलं पाह्यजे," म्हणायचे.

पहिल्या मजकुरात आम्ही उदाहरण दिलं होतं: असं लिहा, सोड २ ६. सुगंधाबाईंनी 'सोड १' पाठवलं, उत्तर वाचलं आणि तसंच्या तसं 'सोड २ ६' लिहून पाठवलं. उदाहरणातलं गेट, उदाहरणातले तास. "तुमीच त सांगतलं," त्या म्हणाल्या. सरांनी उदाहरण काढून टाकलं. पुढच्या शनिवारी मजकूर होता: असं लिहा, सोड गेट तास. देवरामभाऊंनी चष्मा चढवला आणि लिहिलं, 'सोड गेट तास'. अक्षर न् अक्षर. पेटीने तीन मोजले, तीन बरोबर होते, आणि 'तास' नावाचे तास ती शोधत बसली. सर कपाळाला हात लावून खाली बसले. "गिनती तो सही है," ते म्हणाले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. थट्टा केली नाही, पण त्या दिवशी हसले खरे.

देवरामभाऊंचं आणखी एक होतं. ते प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'राम राम' लिहायचे. सोड २ ६ राम राम. मालक म्हणाले, जास्तीचं आलं तर सोडून द्या ना, त्यात काय बिघडते. सर हटून बसले. "आज राम राम आहे. उद्या 'सोड २ ३ ६' येईन. त्यातले कोणते दोन घ्याचे, ते पेटीनं ठरवायचं का?" दोन दिवस या एका गोष्टीवर वाद चालला. मालकांनी त्याला आर्ग्युमेंट म्हटलं आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. शेवटी सरांचंच झालं. फक्त देवरामभाऊंना वाईट वाटू नये म्हणून जास्तीच्या उत्तराची सुरुवात त्यांनी 'राम राम' अशी केली. देवरामभाऊंनी ते वाचलं, फोनला हात जोडले आणि पुढच्या मेसेजपासून राम राम लिहिणं बंद केलं.

कमीच्या उत्तराचा शेवटचा मजकूर असा ठरला: 'सोड २ समजलं. आता किती तास, तो आकडा शेवटी लिहून पुन्हा पाठवा.' सरांनी टिंबं देऊन मोजलं. साठ अक्षरं. मग मला मोजायला लावलं. साठच.

पुढच्या वर्षी शेवटच्या पाण्याच्या वेळी देवरामभाऊ तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फोन सुगंधाबाईंकडे पाठवला. आम्ही त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो, पण सरांनी मला गेटच्या थोडं अलीकडे, कालव्याच्या पाळीवर झुडपाआड थांबवलं. "आपण दिसलो का त्या आपल्यालेच विचारतील," ते म्हणाले. सुगंधाबाईंनी मेसेज पाठवला. गेट हललं नाही. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत वाचला, मग फोनलाच मोठ्याने म्हणाल्या, "पाच वं, पाच! सांगतो ना." त्यांनी पुन्हा लिहिलं. गेट उघडलं आणि पाणी खालच्या भारी धानाकडे निघालं. आम्ही पाच तास पाळीवर बसून राहिलो. पाच तासांनी गेट बंद झालं. सुगंधाबाईंचा कापलेला धान तिकडे कोरडा पडला होता. सर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चला."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. आई आता उठू शकत नव्हती, तिच्याजवळ राहायचं म्हणून बपेऱ्याला जायचं ठरवलं. मालकांनी थांबवून पाहिलं. सर "जाणार, उद्या, आईकडे," एवढंच म्हणाले. मी त्यांना सोडायला लाखनीच्या स्टँडवर गेले. तुमसरची गाडी यायची होती. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी.

दीड वर्ष जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "सर, त्या दिवशी सभेत तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

ते नेहमीप्रमाणे थांबले. मी पुढे म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. कागद खिशात होता. तुम्ही सांगून टाकलं असतं तरी खोटं झालं नसतं. किंवा स्वतःचं नाव सांगितलं असतं, मला वाचवायला. तुम्ही दोन्ही केलं नाही."

"ते तुमचं सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी कसं भरू?"

"मी उठले नसते तर?"

"तर मी उभा होतो ना."

"मी उठणार हे माहीत होतं तुम्हाला?"

सरांनी रस्त्याकडे पाहिलं. ट्रकच्या रांगेमागून गाडी येत होती. त्यांनी पेटी उचलली.

"नाही," ते म्हणाले. "माहीत असतं तर थांबायचं काय काम होतं?"